अंगाखालची फळी

सदाशिव कर्णिकांनी मला फसवलं. लाकडातलं ओ की ठो न कळणाऱ्या एका पेन्शनर कारकुनाने कल्याणातल्या लाकडाच्या व्यापाऱ्याला सगळ्या आळीदेखत फसवलं. हे नीट लिहून ठेवतो, म्हणजे परब शेठ उगाच ओरडतो असं कोणी म्हणायला नको.

कर्णिकांचा जन्म ठाण्याच्या कोर्टात तारखा देण्यात गेला. पेन्शन झाली तेव्हा त्यांनी कोर्ट सोडलं, पण कोर्टाने त्यांना सोडलं नाही. बारा महिने अंगात काळा कोट, डोक्यावर टोपी आणि हातात छत्री. पारनाक्यावर भाजी घ्यायला बसले की वांगी उलटीसुलटी करून बघायचे, भाव विचारायचे, भावावर हरकत घ्यायचे आणि गुडघ्यावर हात टेकून उठताना म्हणायचे, "तहकूब. निकाल उद्या."

"दादा, तुजा निकाल लागंपरत माजी वांगी कुजून जातील नं!" भाजीवाली मागून ओरडायची. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा हजर. कोणाच्या घरी गेले तर कडी वाजवायची पद्धत नाही. दारात उभं राहून कोर्टातल्या शिपायासारखा पुकारा करायचा. बापाच्या नावासकट.

मला अशी माणसं आवडत नाहीत. मी मालवणाकडून पायी चालत आलो, बंदरावर पाठीने ओंडके वाहिले आणि त्या पाठीवर ही वखार उभी केली. तोंडाने तिखट आहे, पण सौदा काढला की तिथल्या तिथे मिटवतो. तहकूब हा शब्द माझ्या धंद्यात नाही.

विठ्ठलवाडीच्या पलीकडे निर्वासितांच्या कँपात घरं उठत होती, लाकडाला कधी नव्हे ती मागणी होती आणि नेमकी तेव्हाच वखारीतली ओंडक्यांची थप्पी सरकून माझ्या अंगावर आली. खुब्याचं हाड मोडलं. मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून खुब्यात पोलादी खिळा ठोकला. लोक माझ्या लाकडात खिळे ठोकतात, डॉक्टरांनी माझ्यातच ठोकला. घरी पाठवताना म्हणाले, मऊ गादीवर झोपू नका, गादीखाली सपाट फळी घाला.

माझ्याकडे तशी एक फळी होती. ब्रह्मदेशी साग, लढाईआधी रंगूनहून आलेला, अखंड, रुंद, गाठ म्हणून नाही. स्वतःचं घर बांधीन तेव्हा झोपाळ्याला म्हणून राखून ठेवली होती. तीच बाजेवर टाकली आणि तिच्यावर मी पडलो.

काही दिवसांनी कुबड्या आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुखलं तरी रोज थोडं उभं राहायचं. मी पहिल्यांदा पाय जमिनीला लावला आणि खुब्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली बसलो. बायकोला म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. बायको बिचारी सगळं हातात आणून द्यायची. पाण्याचा तांब्या उशाशी, पानाचा डबा कुशीशी, पंखा पोटावर. कुबड्या कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांच्यावर ती माझे सदरे वाळत घालू लागली.

धंद्याची एक गोष्ट सांगतो, ती न कळणाऱ्याने बाजारात उतरू नये. सौदा करणाऱ्याचं खरं बळ जिभेत नसतं, पायात असतं. भाव पटला नाही की उठायचं आणि चालायला लागायचं. समोरचा हाक मारतो. मारली नाही तर भाव आपला चुकला. आता पडलेल्या माणसाने काय करायचं? एक कंत्राटदार माझ्या बाजेपाशी स्टूल घेऊन बसला. "शेठ, आता वखार तुमच्याच्याने व्हायची नाही. मला चालवायला द्या." मी नाही म्हटलं. तो हलला नाही. हसून म्हणाला, "घाई नाही. विचार करा, पडल्या पडल्या." आणि माझ्याच डब्यातलं पान लावून खाल्लं. मला उठून जाता येत नव्हतं, मग त्याला कशाला घाई असेल? चारदा येऊन गेल्यावर मीही मनात म्हणू लागलो, देऊन टाकावी.

अशात एका सकाळी दारात पुकारा झाला. "महादेव धोंडू परब, हाजिर हो!"

"या," मी म्हटलं. "मी कुठे पळणार आहे?"

बाकीचे येताना मोसंबी आणायचे. कर्णिक हात हलवत आले. स्टुलावर बसले, छत्रीच्या टोकाने माझा पाण्याचा तांब्या ढकलत ढकलत पार भिंतीपाशी नेला आणि विचारलं, "शेठ, फळी विकायची आहे का?"

"कुठली फळी?"

"ही. खाली आहे ती. मला झोपाळा करायचा आहे."

"अहो कर्णिक, त्या फळीवर मी आहे!"

"ते दिसतंय. पण कधीतरी उठाल. नाहीतर लोक उचलतील. फळी मोकळी होणारच."

"भाऊजी, काय बोलता हे!" आतून बायको ओरडली.

"वहिनी, साक्षीदाराने मध्ये बोलायचं नसतं." मग त्यांनी भाव सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. लिहिला तर लाकडाचा अपमान होईल. वर म्हणाले, "सागच आहे ना? मला आंबा वाटतो."

आंबा! ब्रह्मदेशी सागाला आंबा! मी कोपर टेकून उठून बसलो आणि जे बोललो तेही लिहिण्यासारखं नाही. कर्णिकांनी शांतपणे ऐकून घेतलं, छत्री उचलली. "तहकूब," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बाजेखाली वाकून त्यांनी छत्रीने फळी ठोकून पाहिली. "गाठ आहे."

"गाठ नाही."

"आवाज गाठीचा आहे."

"तुमच्या डोक्यात आहे गाठ!"

"मग दाखवा. मालकाने माल झाकून ठेवला तर गिऱ्हाइकाने काय समजायचं?"

मी बायकोला सांगितलं, काढ ते सदरे. कुबड्या काखेत घेतल्या आणि उभा राहिलो. घाम फुटला, दातांवर दात आवळले. बायकोने गादी बाजूला केली. कर्णिकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. फळीवरून बोट फिरवलं. या टोकाकडून त्या टोकाकडे. मी थरथरत उभा. "उजेड कमी आहे," ते म्हणाले. "तहकूब."

असं रोज. एकदा म्हणाले कीड आहे, एकदा म्हणाले वाकली आहे. रोज तांब्या भिंतीपाशी आणि रोज मी उभा. पुढे पुढे त्यांनी नवंच सुरू केलं. भाव सांगायचा आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत उठून चालायला लागायचं. माझंच हत्यार माझ्यावर! मी हाक मारणाऱ्यांतला नाही. हाक मारली की सौदा हरलो. म्हणून मी कुबड्या घेऊन मागे जायचो, तोंडावर सांगायला. पहिल्यांदा ते उंबऱ्यावर सापडले. मग ओट्यावर. मग आळीच्या तोंडाशी. म्हातारा थांबायचा, मी जवळ गेलो की आणखी एक शिवी खाण्याजोगं बोलायचा आणि पुढे सरकायचा. लोक दारात येऊन बघत.

एक दिवस मी त्यांना काळ्या तलावापाशी गाठलं. कोट धरला. "आज निकाल लागल्याशिवाय सोडत नाही! बोला, घेता की नाही?"

कर्णिक माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. माझ्या पायांकडे बघत होते. मीही खाली पाहिलं. माझ्या एका हातात कोट होता आणि दुसऱ्यात नुसती काठी. कुबड्या मी कधी टाकल्या ते मला आठवेना. मागे वळलो तर दहा पावलांवर आमची बायको. घरातलं स्टूल दोन्ही हातांनी धरून उभी, मी पडलोच तर बसवायला म्हणून. मी आळीच्या तोंडाशी गेलो त्या दिवसापासून ती रोज तशी मागून येत असणार.

"काय गं हे?"

ती पदराने डोळे पुसत हसत होती.

"आता फळी नको," कर्णिक म्हणाले. कोट सोडवून घेतला आणि गेले.

याला फसवणूक म्हणतात. घ्यायचा नसलेल्या मालाचा भाव करणं, मालकाला राबवणं आणि सौदा मोडणं. मी दुसऱ्या दिवशी वखारीत गेलो. तो कंत्राटदार आला, बोलणं सुरू झालं, भाव पटला नाही. मी काठी टेकली, उठलो आणि चालायला लागलो. फाटकापर्यंत पोचायच्या आत त्याने हाक मारली. वखार माझीच राहिली.

कर्णिक मात्र येईनासे झाले. बाजारातही दिसेनात. भाजीवाली मला विचारू लागली, "तुजा तो निकालवाला कुटं गेला?" शेवटी मी ठरवलं, फळी त्यांच्याच भावात त्यांच्या दारात टाकायची. अपमान झाला तर झाला, सौदा पुरा व्हायला हवा. हमालाच्या डोक्यावर फळी दिली आणि तलावाच्या वाटेवर त्यांची खोली होती तिथे गेलो. इतक्या दिवसांत मी त्यांच्याकडे प्रथमच जात होतो.

दार वाजवलं. आतली खिटी आपोआप उचलली गेली. दार ढकललं तर समोर कोणी नाही. कोपऱ्यात बाजेवर कर्णिक पडलेले, अंगात कोट नाही, हातात एका दोरीचं टोक. दोरी खिटीला बांधलेली होती. आणखी दोऱ्या होत्या. एक खिडकीच्या झडपेला, एक छताला टांगलेल्या कापडी पंख्याच्या झालरीला, एक पाण्याच्या पितळी भांड्याला. भिंतीवर आरसा असा तिरका लावलेला की बाजेवरून रस्ता दिसावा. सगळ्या दोऱ्यांची टोकं बाजेच्या एकाच खुराशी आणून बांधलेली.

मी वर पाहिलं. छताला झोपाळ्याच्या कड्या नव्हत्या. असत्या तरी त्या खोलीत झोपाळा हलला नसता.

"झोपाळा कुठे टांगणार होता?" मी विचारलं.

मी बाजेवर बसलो आणि खाली कठीण लागलं. गादीचा कोपरा उचलला. खाली फळी होती. कडेला माझ्या वखारीची लाल खूण.

"ही माझ्याकडची."

"तुम्हाला आठवणार नाही," कर्णिक म्हणाले. "तुमच्याकडून भाव न करता घेतली होती. तेव्हा भाव करायला सवड नव्हती. आमच्या हिचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. तुमच्यासारखाच खिळा. डॉक्टर म्हणाले, रोज उभं करा. पहिल्या दिवशी उभं केलं तर ओरडली. मला ते ऐकवेना. म्हटलं, राहू दे, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. तारखा देण्याचाच हात माझा."

"आणि या दोऱ्या?"

"तिला उठावं लागू नये म्हणून. सगळं हाताशी. काही कमी पडू दिलं नाही, शेठ. पाठ सोलवटली तेव्हाही म्हणायची, माझ्यासारखं सुख कोणाला नाही. पडल्या पडल्याच गेली."

हमाल फळी घेऊन दारात ताटकळत होता. मी त्याला म्हटलं, ठेव भिंतीला.

"फळी नको," कर्णिक म्हणाले.

"मग कशाला रोज येत होता?"

"तुमचा तांब्या उशाशी दिसला," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरला दाखवलं. तो म्हणतो, आजार काही नाही, उठले तर बरं. बायको रोज डबा पाठवते, निम्मा परत येतो. मी रोज जातो. त्यांच्या फळीला आंबा म्हणालो, काळा कोट चिंधीवाल्याला देतो म्हणालो, भाव सांगून अर्ध्यात उठून दारापर्यंत चालत गेलो. मागून कोणी आलं नाही. एकदा त्यांचं पाण्याचं भांडं काठीने भिंतीपाशी ढकललं. दुसऱ्या दिवशी भांडं तिथेच होतं, पाणी तसंच. माणसाने दोरी ओढलीच नव्हती.

मग माझं डोकं फिरलं. मी चाकूने खिटीची दोरी कापली.

"शेठ, ती तिच्या हातातली होती," ते म्हणाले. त्या एका वाक्याला मात्र आवाज होता.

"असेल. आता दार उघडायचं तर उठायचं," मी म्हटलं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आत खिटी पडली.

आज सकाळी पुन्हा आलो आहे. बायको मागे डबा घेऊन उभी आहे आणि तिच्या दुसऱ्या हातात ते स्टूल आहे. ज्या माणसाने मला खोटा भाव सांगून तळ्यापर्यंत चालवलं, त्याने माझ्यासमोर येऊन सांगावं की स्वतःची तारीख तो आणखी किती पुढे ढकलणार आहे. दुसऱ्या कोणाचं उत्तर मला चालणार नाही. वादी आपल्या पायांवर उभा आहे, बसणार नाही. सदाशिव यशवंत कर्णिक, हाजिर हो!