कोरडा पुठ्ठा

"तेल गळणं हा काही मोठा आजार नाही, बाबा. सांध्यातलं एक गॅस्केट बदललं की संपलं."

ग्रंथपालांनी सासऱ्यांना हे छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोने हातातलं काम थांबवून वर पाहिलं. नवऱ्याने दुरुस्त केलेली एकही वस्तू नंतर चालल्याचं तिला आठवत नव्हतं. इस्त्री कायमची थंड पडली होती, आणि दारावरची घंटा हल्ली कुणी न दाबताच वाजायची.

पण मोटरसायकलची गोष्ट वेगळी होती. सासऱ्यांची ती जुनी टू-स्ट्रोक कित्येक वर्षं शेडमध्ये धूळ खात पडली होती. ग्रंथपालांनी ती ढकलत आपल्या अंगणात आणली, गंज घासून काढला, टाकीला रंग दिला, कार्ब्युरेटर दात घासायच्या ब्रशने साफ केला. मग एका सकाळी लाथेवर लाथ मारता मारता ती खरोखरच सुरू झाली. निळा धूर आणि फटफटाट ऐकून आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. आपण आपल्या हातांनी काहीतरी जिवंत केलं, या अभिमानाने ग्रंथपालांचा ऊर भरून आला. आता इंजिनाखाली ठिबकणारं तेल तेवढं राहिलं होतं.

सासऱ्यांनी अट घातली. "जावईबापू, रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी कोरडा निघाला, तर गाडी तुमच्या नावावर करतो. शब्द दिला."

ग्रंथपालांनी इंजिनाची बाजू उघडली, गॅस्केट बदललं, आणि पुस्तकात बघून अगदी मोजून तेल भरलं. सकाळी पुठ्ठ्यावर बशीएवढा डाग!

"नवीन गॅस्केट आहे. बसायला वेळ लागतो," ते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी डाग ताटाएवढा झाला. त्यांनी स्क्रू आवळले. सांध्यांवर लेप थापला. बुचाला रबराची चकती घातली. तेलाचा डबा रोज हलका होत होता, त्यावरून गळती वाढतेय असं त्यांनी अनुमान काढलं आणि आणखी लेप थापला. गाडी कशी आहे, असं वाचनालयात कुणी विचारलं की, "हळूहळू सुधारतेय," असं आजाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगायचे. आतून मात्र धीर सुटत चालला होता. गाडी हातची जाणार, आणि घंटेच्या शेजारी आपल्या नावावर आणखी एक फजिती जमा होणार.

शेवटी सुट्टीच्या दिवशी इंजिन पुन्हा उघडायचं ठरलं. सासरे खुर्ची टाकून बसले. ग्रंथपालांनी खाली पातेलं ठेवलं आणि गिअरबॉक्सचं तेल सोडलं. पातेलं भरलं. तेल थांबेना.

"अगं, तसराळं आण! बादली आण!"

बादलीतही धार पडतच राहिली. ग्रंथपाल डोळे विस्फारून बघत होते. "मी तर एवढं भरलंच नव्हतं. रोज जेवढं गळेल तेवढंच वरून घालत होतो."

बायकोने पदराशी चाळा केला. "पहिल्या दिवसापासून दुपारी मीही थोडं घालायचे. तुम्ही एवढं मरमर मरताय, तेलावाचून अडायला नको म्हणून."

दोघांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे आकाशाकडे पाहत होते.

"बाबा?"

"संध्याकाळी फिरायला यायचो ना इकडून, तेव्हा," सासरे म्हणाले. "मला वाटलं, पुस्तकी माणूस, तेल घालायचं राहून जाईल. जास्त नाही, घोट-घोट."

म्हणजे तीन माणसं गाडीला पाजत होती आणि न मावणारं तेल बिचारी जमेल तिथून बाहेर टाकत होती. गळती पहिल्याच दिवशी थांबली होती. ग्रंथपाल मटकन खाली बसले आणि हसत सुटले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू दुरुस्त केली होती, तीही पहिल्या फटक्यात.

त्यांनी पुन्हा मोजून तेल भरलं आणि बुचाला कुणी हात लावायचा नाही अशी सगळ्यांना तंबी दिली. सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत निघाला. सासऱ्यांनी त्यावरून बोट फिरवलं, ते बोट बघितलं, आणि म्हणाले, "जावईबापू, जिंकलात. एक चक्कर मारून येऊ का?"

"विचारता काय, बाबा? जा की."

सासरे गेले ते थेट स्वतःच्या घरी. दुपार उलटली तरी गाडीचा पत्ता नाही, म्हणून लेकीने फोन केला.

"बाबा, कागदांचं काय? शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता, पण तो गळक्या गाडीचा," सासरे म्हणाले. "एवढी चांगली गाडी कुणी देऊन टाकतं का?"

बायको संतापली. ग्रंथपाल मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बसने वाचनालयात गेले आणि दिसेल त्याला थांबवून सांगत राहिले, "आमचे सासरे शब्दाचे एकदम पक्के. पण माझं काम बघितलं आणि फिरले!"