सोनवणे सरांचा फॉर्म

सोनवणे सरांच्या घरी चहा प्यायला की फॉर्म भरावा लागतो. थट्टा नाही. तुम्ही कप खाली ठेवून मिशी पुसता न पुसता तोच सर टीपॉयखालून एक छापील कागद काढतात, त्यावर पेन ठेवतात आणि म्हणतात, "एक ते पाच." एक म्हणजे अगदी असमाधानी, पाच म्हणजे पूर्ण समाधानी. चहाची गोडी, तापमान, बसण्याची सोय, यजमानांचं बोलणं, त्यांनी दिलेला वेळ. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरात: "संधी मिळाल्यास हाच पर्याय पुन्हा निवडाल का?"

मी गुजराती मुलखातल्या गोडादऱ्यात त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या पहिल्याच संध्याकाळी हा कागद माझ्यापुढे आला. मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतला मास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क दिलेले, त्यामुळे हात सैल सुटला. गोडी तीन, तापमान दोन, आणि शेवटच्या प्रश्नाला पाच.

सरांनी चष्मा वर केला. "गुरुजी, चहा तीन आणि पुन्हा येणार पाच? उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत."

"सर, मी शेजारी आहे. येणारच ना."

"फॉर्म रद्द," असं म्हणून त्यांनी तो माझ्यादेखत टोपलीत टाकला. आतून सुमनवहिनींचा आवाज आला, "भाऊ, चहा मी करेल व्हता. तुम्ही बिनधास्त येत जा!"

सर एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट शिकवतात. वडील शिरपूरकडून लिंबायतमध्ये कापडाच्या लूमवर कामाला आले, सरही तरुणपणी लूमवर उभे राहिले. त्या खडखडाटात पुस्तक वाचायची सवय लागल्यामुळे ते अजूनही मोठ्यानं वाचतात. वर्तमानपत्र ते वाचतात आणि आमच्या घरी ते ऐकू येतं, त्यामुळे मी माझं बंद केलं. पीएचडीला त्यांच्या गाईडनं त्यांच्या पदरात बंदरांचं व्यवस्थापन घातलं. पुढे सरांनी आपण होऊन त्याला क्रूझ पर्यटन जोडलं, आणि त्यालाही छोट्या धंद्यांतलं नवप्रवर्तन जोडलं. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, असं मी एकदा सकाळी सहज विचारलं. त्या दिवशी मला शाळेला दांडी मारावी लागली.

थोडक्यात सांगायचं तर सरांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट हे एक बंदर आहे. घराचा उंबरा म्हणजे धक्का. पाहुणा म्हणजे जहाज. धक्क्याला लागलं, माल उतरवला, माल चढवला, की निघालं पाहिजे; या सगळ्याला लागणारा वेळ म्हणजे टर्नअराउंड टाईम. मागे त्यांचा मेहुणा आला आणि आठवडाभर हलेना. सर त्याला म्हणाले, "तुमचा टर्नअराउंड टाईम विक्रमी आहे." मेहुण्याला ती शाबासकी वाटली. तो आणखी दोन दिवस राहिला.

सरांचा खरा राग फेरहाताळणीवर. बंदराच्या यार्डात कंटेनर रचताना आधी जाणारा मागे आणि नंतर जाणारा पुढे ठेवला, की सगळी रास उगाच उचलाउचल करावी लागते. "फेरहाताळणी म्हणजे पाप, गुरुजी!" या तत्त्वावर त्यांनी एकदा घरचा फ्रिज लावला. आधी लागणारं पुढे, नंतर लागणारं मागे. मागे गेलेलं लोणचं दिवाळीला सापडलं. वहिनी म्हणाल्या, "तुमना फ्रिज आते कॉलेजमाच ठेवा."

रविवारी सर नवप्रवर्तनाच्या शोधात निघतात. नाक्यावरच्या लोचोवाल्याला, म्हणजे मऊ ढोकळ्यासारखा पदार्थ विकणाऱ्याला, त्यांनी गर्दीच्या ऐन वेळी गाठलं. "गेल्या तीन वर्षांत धंद्यात नवीन काय केलं?" मागे दहा माणसं ताटल्या घेऊन उभी. तो बिचारा म्हणाला, "साहेब, लोचो छे, लोचोज रहेवानो." सर हलेनात. शेवटी त्यानं सुटका करून घ्यावी म्हणून सांगितलं, "हां, हवे उपर चीज नाखीए छीए." सरांनी लिहिलं: उत्पादन नवप्रवर्तन, चीज. मग त्याला विचारलं, संधी मिळाल्यास हाच पर्याय पुन्हा निवडाल का. तो म्हणाला, "तमे न आवो तो."

आता एक गुपित. जहाजांवर पानंच्या पानं लिहिणारे सोनवणे सर आयुष्यात एकदाच बोटीत बसले आहेत, आणि ते मी पाहिलं आहे.

हजिऱ्याहून घोघ्याला फेरीबोट जाते. प्रवाशांकडून फॉर्म भरून घ्यायला सर निघाले. वहिनीही येणार होत्या, नवी साडी इस्त्री करून ठेवलेली. पण ऐन सकाळी साड्यांचं अर्जंट काम आलं आणि त्या राहिल्या. वहिनी साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवायचं काम घेतात, गल्लीतल्या बारा बायका त्यांच्या हाताखाली आहेत. त्यांनी निघताना सरांच्या खिशात उलटीची गोळी घातली आणि मला बजावलं, "भाऊ, तुमना सरले गोयी खावाडी द्या."

बोट धक्क्याला बांधलेलीच होती. दोर सुटले नव्हते. सरांनी कठडा धरला आणि ते पिवळे पडले.

"सर, गोळी?"

"नको. गोळी घेतली तर निरीक्षण दूषित होतं."

पुढे जे झालं ते दूषित निरीक्षणापेक्षा वाईट होतं. फॉर्म मी वाटले. सर एका बाकावर आडवे होऊन आकाशाकडे बघत होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "सर, एक ते पाचमध्ये आत्ता कसं वाटतंय?"

"शून्य," सर म्हणाले. मग त्या अवस्थेतही मान उचलून त्यांनी दुरुस्ती केली, "शून्य नसतं. एक लिहा."

एवढं झाल्यावर माणूस विषय बदलेल. सरांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात एका परिषदेला निबंध पाठवला. परिषद तीन दिवसांची आणि चक्क जहाजावर, मुंबईहून सुटणाऱ्या.

"तुम्हाला वेड लागलंय का?" मी विचारलं.

सरांनी आधी दार लोटलं. त्यांना हळू बोलताना मी प्रथमच ऐकलं. "गुरुजी, ज्याचा निबंध निवडला जातो त्याला सोबत एक माणूस नेता येतो. बंदराचा विषय मिळाला तेव्हा मी सुमनला म्हणालो होतो, आता तुला जहाजातून नेतो. बावीस वर्षं झाली. तिनं एकदाही आठवण करून दिली नाही."

तो निबंध परत आला. पुढच्या वर्षीचाही आला. शेरा तोच: सगळं पुस्तकी आहे, स्वतः पाहिलेलं काही नाही. दुसऱ्यांदा तो शेरा वाचून सर चार दिवस मोठ्यानं वाचेनात. मला शेवटी वर्तमानपत्र विकत आणावं लागलं.

यंदाचा निबंध पाठवायला दोनच आठवडे उरले होते. एका सकाळी मी सरांसोबत निघायचं म्हणून त्यांच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. खोलीत साड्यांची पोटली भिंतीपर्यंत रचलेली. सर मोजे घालता घालता नेहमीप्रमाणे एका पोटल्याला अडखळले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "ही अडगळ!" तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. वहिनींनी स्वयंपाकघरातूनच हाक दिली, "भैया, लाल चूडीवाला उठा लो!"

टेम्पोवाला आत आला. दाराजवळच्या चार पोटल्यांच्या गाठीत लाल काचेची बांगडी अडकवलेली होती. ती उचलून तो गेला. ना मोजणं, ना विचारणं, ना शोधाशोध. त्यामागच्या पोटल्यांवर हिरव्या बांगड्या, अगदी भिंतीशी पिवळ्या.

मी वहिनींना विचारलं, हे काय आहे. त्या पोळी लाटत म्हणाल्या, "लाल आजनं, हिरवं सकायनं, पिवयं मांगेतून. जे पयले जास ते दारजोडे. नही ते दिनभर उचल-ठेव, उचल-ठेव. कंबर मोडस ना भाऊ."

म्हणजे लाल आजचं, हिरवं उद्याचं, पिवळं त्याही पुढचं. मी सरांकडे पाहिलं. एका पायात मोजा, दुसरा हातात. टीचभर खोलीत बिनचूक यार्ड चाललं होतं, आणि बंदरांचे डॉक्टर त्याला रोज अडखळत होते.

"किती वर्षं करतेस हे?" त्यांनी विचारलं.

"तुमना पीएचडीपासून."

पुढचे आठ दिवस सर घड्याळ घेऊन पोटल्यांमध्ये बसले. बाराही बायकांचे फॉर्म भरून घेतले. बायका हसून बेजार. पण सरांचं लिहिणं असं मी कधी वाचलं नव्हतं. पहिल्यांदाच मला त्यातलं सगळं समजलं. शेवटचा दिवस उजाडला, निबंध तयार होता, आणि फक्त एक फॉर्म कोरा होता. वहिनींचा. धंदा त्यांचा, युक्ती त्यांची, आणि त्यांचाच फॉर्म नाही!

"मग द्या ना त्यांना," मी म्हणालो.

"देतो." पण सर उठेनात. फॉर्मच्या कडा सारख्या करत बसले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत सरांनी फॉर्म दिला नाही असं गल्लीत कुणी नव्हतं. दूधवाला, प्लंबर, मेहुणा, सगळ्यांना दिला. वहिनींना कधीच नाही.

"शेवटचा प्रश्न आहे ना तो," सर म्हणाले. "पुन्हा निवडाल का. लोचोवाल्यानं नाही म्हटलं तर काय बिघडतं? पण हिला डीएडला जागा मिळाली होती, गुरुजी. आज तुमच्यासारखी शाळेत असती. ती सोडून माझ्यासोबत इकडे आली. मी जहाजांबद्दल लिहीत बसलो आणि ती साड्यांवर वाकून डोळे घालवत बसली. तिला कुठल्या तोंडानं विचारू? आणि तिनं खरं लिहिलं तर?"

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि मायाही आली. मी त्यांच्या हातातून फॉर्म घेतला आणि सरळ आत गेलो. वहिनी साडी पसरून बसल्या होत्या. बोटांचा गम त्यांनी पदराला पुसला, चष्मा नीट केला आणि न विचारता लिहायला लागल्या. अक्षर मास्तरणीचं, ठसठशीत.

मी फॉर्म आणून सरांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो वाचला, आणि सवयीनं मोठ्यानं वाचला.

"बसण्याची सोय, एक. दिलेला वेळ, एक. बोलणं..." सर थांबले. "बोलणं, दोन. आवाज मोठा, असं कंसात लिहिलंय." आणखी एक ओळ. "दिलेला शब्द पाळणं, हा प्रश्न फॉर्मात नाही. तिनं हातानं घातलाय. एक."

मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी वाकून पाहिलं. संधी मिळाल्यास हाच पर्याय पुन्हा निवडाल का? समोर पाच. आणि खाली सूचनांच्या चौकटीत: "जहाजमा बसाना पयले गोयी खाई लेवानी. गोया मी संगे लई येसू."

जहाजाचं हिला कुणी सांगितलं, असं सरांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. मग वातावरण जरा हलकं करावं म्हणून म्हणालो, "सर, सगळीकडे एक-दोन आणि शेवटी पाच. उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. नियमाप्रमाणे फॉर्म रद्द."

सरांनी टोपलीकडे पाहिलं. मग फॉर्मची चार पदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली, बोटीत गोळी होती त्याच खिशात. "असं एखादं उत्तर असतं, गुरुजी," ते म्हणाले. चष्मा काढून पुसला. निबंधासोबत त्यांनी बाराच फॉर्म पाठवले. उत्तर अजून आलेलं नाही.

पण त्या दिवशी निबंध पाठवून झाल्यावर सर उठले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सुमन, चहा घेशील? मी करतो."

आत बराच वेळ डबे वाजले. साखर कुठे, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि तरी घालायची विसरले. चहा काळा, कोमट आणि बिनसाखरेचा होता. मी कप खाली ठेवून मुकाट वाट पाहत बसलो. पण टीपॉयखालून कागद निघाला नाही. त्या घरात फॉर्म न भरता प्यायलेला तो माझा पहिला चहा.

वहिनींनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि कप पुढे केला. "अजून शे का?"