विनापरवाना भिंगारदिवे सर

पुण्याच्या लेखणीराज कंपनीचं पत्र येऊन दोन महिने झाले, तरी भिंगारदिवे सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ही गोष्ट त्यांना जेवताना, फिरायला गेल्यावर, अगदी विहारात वंदनेला बसल्यावरही आठवायची. एरवी सर कुणाचं पोस्टकार्डसुद्धा अनुत्तरित ठेवत नसत. श्रीरामपूरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस, वाण्याने चुकून जास्त दिलेली काडेपेटी दुसऱ्या दिवशी परत नेऊन देणारा. पण त्या पत्रात कंपनीने त्यांना अतिशय सभ्य भाषेत चोर म्हटलं होतं. आणि चोर म्हणणाऱ्याला उत्तराची सुरुवात कशी करायची, 'महोदय' म्हणायचं की नाही, हेच त्यांना सुचत नव्हतं.

खरी पंचाईत वेगळीच होती. पत्र वाचून सरांना कंपनीचा राग येण्याऐवजी स्वतःचीच शंका आली होती. एवढी मोठी कंपनी छापील कागदावर, सहीशिक्क्यानिशी लिहिते, म्हणजे तिला काहीतरी माहीत असणार. आपल्या हातून नकळत काही घडलंय का, हे ते रात्रंदिवस आठवून पाहत होते.

घडलं होतं ते एवढंच. मुलगा सम्राट पुण्याला नोकरीला लागला आणि त्याने घरी कॉम्प्युटर आणून दिला. सरांना गोदाकाठच्या गावांवर एक पुस्तक लिहायचं होतं. मराठी टाइप करायला 'लेखणीराज' नावाचं सॉफ्टवेअर लागतं असं कळलं, म्हणून ते नगरला दुकानात गेले. दुकानातल्या श्रीमंत नावाच्या विक्रेत्याने सांगितलं की विकत घ्यायची गरज नाही, एक फ्लॉपी आहे, ती साऱ्या जिल्ह्यात फिरते, सरांच्या मशीनवरही टाकून देतो. सर म्हणाले, नको, विकतच द्या आणि बिल करा. श्रीमंतने आतल्या माळ्यावरून धूळ बसलेला खोका काढला. त्याच्या आठवणीत तो पहिलाच विकला जाणारा खोका होता.

खोक्यात अंगठ्याएवढं एक काळं 'लॉक' होतं. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं. ते खोचलेलं असलं की सॉफ्टवेअर तुम्हाला मालक समजतं, नसलं की चोर. साधा हिशेब होता. पहिले काही आठवडे सॉफ्टवेअरने सरांना मालक समजलं. मग एके दुपारी, सर पुणतांब्याच्या घाटाबद्दल लिहीत असताना, कॉम्प्युटर कर्कश आवाजात ओरडला आणि पडद्यावर लाल चौकट आली: 'परवाना आढळला नाही.'

सरांनी मागे वाकून पाहिलं. लॉक जागेवर होतं. त्यांनी ते काढलं, बनियनला पुसलं आणि पुन्हा खोचलं. त्यांच्या पत्नी गीताबाईंनी ते उन्हात ठेवून पाहिलं. चौकट जायला तयार नव्हती. एंटर दाबला की काम पुढे चालायचं, पण छापलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाला ठळक अक्षरांत एक ओळ यायची: 'हा मजकूर लेखणीराजच्या विनापरवाना प्रतीवर तयार केलेला आहे.'

सरांनी कंपनीला तक्रार लिहिली. बिलाची तारीख, दुकानाचं नाव, लॉकचा नंबर, सगळं सविस्तर. चांगलं चार पानी पत्र झालं. ते त्यांनी याच कॉम्प्युटरवर टाइप केलं, कारण नव्या वस्तूवर टाइप केलेल्या पत्राचं वजन पडतं असं त्यांना वाटलं. चारही पानांच्या तळाला ती ओळ आली. सरांनी तशीच पाठवली. तक्रार ओळीचीच असल्यामुळे पुरावा सोबत गेलेला बरा, हा त्यांचा विचार.

कंपनीनेही तो पुरावाच मानला. उत्तरात लिहिलं होतं की, आपल्याच पत्राच्या चारही पानांवरून आपण विनापरवाना प्रत वापरत असल्याचं स्पष्ट होतं. आपल्यासारख्या सुशिक्षित गृहस्थाकडून ही अपेक्षा नव्हती. पंधरा दिवसांत अधिकृत प्रत विकत घ्यावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल.

त्या पत्राला उत्तर राहिलं, आणि इकडे ओळ गावभर फिरू लागली. कारण गल्लीतल्या सगळ्यांची टाइपिंगची कामं आता सरांकडेच यायची आणि सरांना नाही म्हणता येत नसे. छबूबाईंच्या महिला मंडळाचा नळाबाबतचा अर्ज विनापरवाना गेला. विहाराची वर्गणीची पत्रकं विनापरवाना वाटली गेली. शेजारच्या गनीभाईंचं वेल्डिंगचं दुकान. त्यांनी शाळेच्या गेटाचं दरपत्रक सरांकडून करून घेतलं आणि हेडमास्तरांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

गनीभाई कागद हातात घेऊनच आले. "सर, गेट माझं, लोखंड माझं, वेल्डिंग माझं. मग खाली चोरी कुणाची?"

सरांनी सगळी हकिकत सांगितली. गनीभाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"म्हंजे बाजारात सगळ्यांकडं चोरीची फ्लॉपी, त्येंच्या कागदावर काय न्हाई. तुमी एकट्यानं रोख पैसं मोजलं, अन् चोर तुमी?"

"तसंच दिसतंय."

"मग बरोबर हाय," गनीभाई म्हणाले. "ज्यानं तिकीट काढलं त्यालाच टीसी इचारतो. बाकीचे टपावर बसलेत."

ते हसत गेले, पण सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

इथवर ठीक होतं. पण त्याच सुमारास त्यांच्या मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न जुळत आलं. प्रज्ञा ज्युनिअर कॉलेजात रसायन शिकवायची. मुलगा पुणतांब्याच्या पगारेंचा, वीज मंडळात. दोघं एकमेकांना भेटली होती, दोघांचंही हो होतं. फक्त मुलाचे वडील आसाराम पगारे यांनी मुलीचा परिचय रीतसर कागदावर मागितला होता. आसाराम तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. कागदावर नसलेली गोष्ट त्यांच्या लेखी घडलेलीच नसायची.

सरांनी परिचयपत्र टाइप केलं. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, मामाचं गाव. आणि तळाला ती ओळ.

"हाताने लिहून देतो," सर म्हणाले.

गीताबाईंना ते पटलं नाही. घरात एवढा कॉम्प्युटर असताना पोरीचा कागद हाताने लिहिला, तर पाहुणे म्हणतील कॉम्प्युटर मागून आणून दाखवायला ठेवला होता. त्यांनी प्रज्ञाच्या टेबलावरची चुका झाकायची पांढरी शाई आणली आणि ओळीवर अशी सफाईने फिरवली, जसा भिंतीला चुन्याचा हात द्यावा. कागद वाळवून, घडी घालून पुणतांब्याला गेला.

जन्मभर जमिनीचे उतारे तपासलेल्या माणसाकडे पांढरी शाई लावलेला कागद पाठवणं, म्हणजे मांजराच्या दारात मासळी टाकण्यासारखं होतं. आसारामांनी वरचं काही वाचलंच नाही. कागद आधी उजेडावर धरला, मग उलटा करून पाहिला, मग अंगठ्याच्या नखाने पांढरा पट्टा हळूहळू खरवडला. पपडी निघत गेली आणि खालून शब्द वर आला: विनापरवाना.

त्यांचा निरोप आला. येत्या रविवारी स्वतः येतो. कागदाची शहानिशा झाल्याशिवाय पुढची बोलणी नाहीत.

प्रज्ञाला हे तेव्हा कळलं. ती आईवर चिडली, वडिलांवर चिडली आणि मग नगरच्या दुकानाला फोन करून श्रीमंतवर एवढी चिडली की त्याने रविवारी सकाळच्या एसटीने यायचं कबूल केलं.

रविवारी आसाराम पगारे आले. जयभीम झाला, पाणी झालं. आसाराम कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, चालवा. सरांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला आणि पाहुण्यांसमोर पहिल्यापेक्षा दुप्पट मोठ्याने ओरडला. लाल चौकट आली. आसारामांनी खिशातून चष्मा काढून ती दोनदा वाचली. सरांनी बिल दाखवलं, लॉक दाखवलं, रिकामा खोकासुद्धा दाखवला. आसारामांनी फक्त मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ काय, हे खोलीतल्या कुणालाही कळेना.

श्रीमंत आला तो घाम पुसतच. त्याने पाच मिनिटं मागे वाकून लॉक काढलं-घातलं आणि मग सरळ सांगून टाकलं.

"सर, खरं सांगू का? ह्या वेळची लॉकंच खराब आलीत. एकदा तापली की पुन्हा मशीनला दिसतच न्हाईत. कंपनीला म्हाईत हाय, पन कंपनी कबूल करनार न्हाई." त्याने बॅगेतून एक फ्लॉपी काढली. "ही घ्या. लॉक देऊ फेकून. ओळ येत न्हाई, बोंबलत न्हाई, लई भारी चालते."

"ही परवान्याची आहे?" सरांनी विचारलं.

"परवान्याची असती तर चालली असती का?"

गीताबाईंनी आसारामांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

"आवं, घ्या की. एका फ्लॉपीनं काय हुतंय? सगळा गाव तीच वापरतोय. पोरीच्या लग्नाचा सवाल हाय. पत्रिका छापायच्यात."

श्रीमंतने फ्लॉपी पुढे केली. सरांनी ती हातात घेतली. चौकोनी, निळी, त्यावर बॉलपेनने काहीतरी गिचमिड केलेलं. एवढीशी वस्तू आत सरकवली की ओरडणं थांबणार होतं, ओळ जाणार होती, पाहुणे हसून चहा घेणार होते. सरांनी ती थोडा वेळ धरली आणि श्रीमंतच्या बॅगेत परत ठेवली.

"मला चोर म्हणतात, म्हणू देत," ते म्हणाले. "दोन महिने मीच विचार करत होतो की असेन कदाचित. आज कळलं, मी नाही. आता खोटा आळ पुसायला खरी चोरी करू? म्हणजे ती ओळ खरी करून दाखवू? पगारे साहेब, तुम्हाला जे ठरवायचं ते ठरवा. हे मशीन ओरडेल तेवढं ओरडू द्या. ही फ्लॉपी माझ्या घरात चालणार नाही."

एवढं सलग सर वर्गाबाहेर पहिल्यांदाच बोलले होते. गीताबाई बघतच राहिल्या.

प्रज्ञा दारात उभी होती. "मामा," ती आसारामांना म्हणाली, "माझ्या आण्णांबद्दल अजून शंका असेल तर चहा घ्या आणि निघा. मला तुमचा मुलगा आवडलाय. पण आण्णांवर शंका ठेवून मला तिथं नांदायचं नाही."

आसारामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. घडी घातलेलं परिचयपत्र खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

"मला शंका चोरीची न्हवतीच," ते म्हणाले. "पांढऱ्या शाईची हुती. आमच्या हाफिसात एक नियम हुता सर. कागदावर खोटं पडलं तर झाकायचं न्हाई. त्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे, अन् बाजूला सही करायची. रेघ मारली तर दुरुस्ती. झाकलं तर गुन्हा."

गीताबाई एकदम आत निघून गेल्या. चहाच्या भांड्याचा जरा जास्तच आवाज झाला.

सर कॉम्प्युटरसमोर बसले. लाल चौकटीवर एंटर दाबला आणि कंपनीच्या पत्राचं उत्तर टाइप करायला घेतलं. सुरुवात त्यांनी 'महोदय' अशीच केली, त्यात आता काही अडलं नाही. लिहिलं, 'आपले पत्र मिळाले. मी चोर नाही. आपले लॉक खराब आहे. आपणांस हे ठाऊक असूनही आपण ज्याने विकत घेतले त्यालाच दटावता. मी दुसरी प्रत विकत घेणार नाही, चोरीची वापरणार नाही आणि टाइप करणे थांबवणारही नाही. नवे लॉक पाठवावे. तोवर आपली ओळ मी दुरुस्त करून वापरीन.'

प्रिंटर करकरत चालला. कागद बाहेर आला आणि तळाला ओळ होतीच. प्रिंटरचा आवाज ऐकून बाहेर आलेल्या गीताबाईंचा हात सवयीने पांढऱ्या शाईच्या बाटलीकडे गेला. आसारामांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हात मागे आला आणि त्या पुन्हा आत गेल्या.

सरांनी पट्टी घेतली. ओळीवर लाल पेनाने एक सरळ रेघ मारली, बाजूला 'खोटे' असं लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली.

"साक्षीदार लागतो," आसाराम म्हणाले आणि पेन मागून घेतलं. त्यांनी 'समक्ष' लिहिलं, पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग पेन उचललं आणि जरा थांबले. "साक्षीदाराचं नातं लिवावं लागतं. न्हाई तर कागद अर्धा ऱ्हातो." आणि त्यांनी नावापुढे कंसात वळणदार अक्षरांत लिहिलं: व्याही.

श्रीमंतने ते उलट्या बाजूने वाचलं आणि फ्लॉपीची बॅग हळूच पाठीमागे सरकवली. प्रज्ञा आत गेली, आणि आतून गीताबाईंचा आवाज आला, "आता रडतीस कशाला? चहात साखर घाल की."

आसारामांना पुणतांब्याची गाडी धरायची होती, म्हणून सर त्यांना पोहोचवायला स्टेशनपर्यंत गेले. बाहेर पोस्टाची लाल पेटी होती. पत्र टाकल्यावर ते नीट पडलं की नाही, हे पेटीच्या तोंडाशी वाकून दोनदा बघायची सरांची सवय होती. आज त्यांनी लिफाफा आत ढकलला आणि व्याह्यांशी बोलत बोलत तसेच पुढे गेले.