नकाशांच्या कपाटातले पाणी

प्रत्येक रेणूला निश्चित आकार असतो, आणि तो रेणू कुठे ठेवायचा आहे यावरून ठरतो. हे तत्त्व १९५७ साली मूल गावाजवळच्या एका हायस्कुलात सिद्ध झाले.

जलालुद्दीन मिस्त्रींनी आलापल्लीच्या सागाचे गोळे कातले आणि बांबूच्या काड्यांनी जोडून चार रेणू केले. कोन विज्ञानाच्या बाईंनी पुस्तकातून आखून दिले होते. पाण्याचा एकशे पाच अंश. मिस्त्रींनी भोके तशीच पाडली (मिस्त्री शिकलेले नव्हते, त्यामुळे मापाप्रमाणे काम करीत).

परंतु शाळेचे एकमेव कपाट गुंडाळलेल्या नकाशांसाठी केलेले, उंच आणि अरुंद. कार्बन डायऑक्साइड जन्मतःच सरळ; तो विनातक्रार आत गेला. पाणी अडले. दार लागेना. हेडमास्तर भैयाजींनी समिती नेमली. समितीने दार मोजले, रेणू मोजला आणि दोहोंपैकी दार सरकारी असल्याचे नोंदवले. सबब पाण्याचा कोन एकशे ऐंशी अंश करण्यात आला. अमोनियाचा एक आणि मिथेनचे दोन हात काढले. उरलेल्या हातांवर त्यांचे भागते, असे अहवालात आहे.

चाचणी परीक्षेत मॅट्रिकच्या वर्गातल्या वच्छलाने पाण्याचा कोन एकशे पाच लिहिला. भैयाजींनी उत्तर रेणूशी ताडून पाहिले, चूक निघाले. ती एका गुणाने नापास झाली. नापासांना मॅट्रिकचा फॉर्म भरता येत नसे, आणि फॉर्म भरला नाही तर सिंदेवाहीचे स्थळ पक्के करायचे, असे तिचे वडील पोचूजी यांनी ठरवले होते.

तरी पोचूजी लेकीला आणि मिस्त्रींना घेऊन शाळेत आले.

"भोकं तुमीच पाडले ना, मिस्त्रीभाऊ? सांगा गुरुजीले."

"पयले तिरपेच पाडले होते," मिस्त्री म्हणाले. "गुरुजीच म्हणले, सरळ करा, दार लागत नाई."

"मंग कपाट काऊन नाई बदललं?" वच्छलाने विचारले.

"कपाट कसं बदलायचं, पोरी?" भैयाजी म्हणाले. "आत नकाशे आहेत."

(नकाशे जुन्या मध्य प्रदेशाचे होते. जिल्हा त्या राज्यातून आदल्याच वर्षी निघाला होता. पण तो विषय समितीपुढे नव्हता.)

समितीने फेरतपासणी केली, म्हणजे दार पुन्हा लावून पाहिले. लागले.

वच्छलाचे लग्न वैशाखात झाले. विज्ञानाच्या बाई पंगतीत खाली मान घालून जेवल्या. सारे गाव होते, तुम्हीही होतात. ऊन फार होते, म्हणून पाणी तुम्ही तीनदा मागितलेत. त्याखेरीज काही विचारल्याचे कुणाला आठवत नाही.