नामदेव फौजीचे पंखे

आमच्या समोर राहणारा नामदेव फौजी कोणाच्याही घरी गेला की आधी बसत न्हाई. उंबऱ्यात उभा राहून कान देतो. घरात दोन पंखे चालू असले की तोंड वाकडं करतो अन् म्हणतो, "भांडून राह्यलेत." मंग पिशवीतून स्वतःचा रेगुलेटर काढतो. भाजीच्या पिशवीत रेगुलेटर घेऊन फिरणारा माणूस आमच्या साऱ्या मंठा गावात हा एकच.

हवाई दलात तो दोन पंख्यांच्या विमानावर मिस्त्री होता. त्याचं म्हणणं असं, की एक पंखा दुसऱ्यापेक्षा जरासा जोरात फिरला की आत बसलेल्याला वांऽव वांऽव ऐकू येतं. आवाज चढतो, उतरतो, डोकं उठतं. दोन्हींचा वेग बराबर केला की एकच सरळ आवाज राहतो. मी चौथी शिकलेलो. मला इतकंच समजलं, की जोडीतला एक बैल पुढं ओढायला लागला की गाडीत बसणाराचे हाल. तसं बोललो तर फौजी खूष. आबाला विमान कळलं म्हणून गल्लीभर सांगत सुटला.

माझी बायको कौसल्या त्याला बरोबर वठणीवर आणायची. पंखे जुळेपर्यंत पोहे थंड होतात, आधी खाऊन घ्या, म्हणायची. तिचं तो ऐकायचा.

ती या उन्हाळ्यात गेली. तेरवीला मांडवात भाड्याचे दोन कूलर लावले होते. बुवा कीर्तन करून राह्यले, बाया रडून राह्यल्या, अन् हा उठला. एक कूलर बंद करून वायर सोडली, रेगुलेटर जोडत बसला. लोकं घामाघूम. जालन्याहून आलेला मेव्हणा माझ्या कानात म्हणाला, "दाजी, लाईटवाल्याला आत्ताच काय सुचलं?" मला राग आला न्हाई. कूलर एका सुरात लागले अन् बुवाचा शब्द न् शब्द ऐकू आला. फौजी त्या दिवशी जेवला न्हाई. कूलरपाशीच उभा राहिला.

पाहुणे पांगले. घर असं गप झालं, की जेवताना मला माझंच चावणं ऐकू यायला लागलं. पोरगा म्हणाला, पुण्याला चला. मी हो म्हणलो. निघायच्या आदल्या दिवशी घराची एक किल्ली ठेवायला फौजीकडं गेलो.

त्याच्या घरात गल्लीतलं कोणी कधी गेल्तं न्हाई. आलेल्याला तो ओट्यावरूनच वाटेला लावतो. आत काय दडवलंय कोणास ठाऊक, असं बाया म्हणायच्या. दार उघडं होतं, मी सरळ आत शिरलो. एक खाट, अन् दोन टेबल पंखे. वांऽव, वांऽव.

"फौजी, तुमचेच भांडून राह्यले की," मी म्हणलो.

तो ओशाळला. पाहुणा आला म्हणून जुळवायला उठला, अन् बटणावर हात ठेवून तसाच थांबला. त्याची बायको तो मंठ्यात यायच्या आधीच वारली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

"जुळवले की एकच ऐकू येतो, आबा," तो म्हणाला. "असं ठेवलं की घरात दोघं हायेत, असं वाटतं."

"मंग राहू द्या," म्हणून मी खाटेवर बसलो. कितीतरी वेळ आम्ही दोघं ते ऐकत होतो. मंग त्यानं माझ्या हातातल्या किल्लीकडं पाहून विचारलं, उद्या गाडी कवाची हाये.

"आधी चहा ठेवा," किल्ली परत खिशात टाकत मी म्हणलो.