खाली फुला आसत

आमचे शेजारी दाजीकाका कुणीही आलं तरी जागचे उठत नसत. एकदा खुद्द मामलेदार आले, तेव्हाही नाही. त्यात उर्मटपणा नव्हता. "माका उठूक येवचा नाय, खाली फुला आसत," एवढं सांगून ते बसल्या बसल्याच नमस्कार करत.

फुलं खरोखरच असत. ओटीवर टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी, तिच्या पानांत टिपकागदात ठेवलेली सुरंगी, वर पाट आणि पाटावर नव्वद किलोंचे दाजीकाका. फुलांवर दगड ठेवणाऱ्यांचा त्यांना भारी राग. दगडाला फुलाची माया नसते म्हणे. अर्धी उमललेली कळी खुडायची, कागद रोज बदलायचा, नाहीतर आमच्या खाऱ्या हवेत लगेच बुरशी धरते, हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलं असेल. मोबाइल अजून वाडीत पोचले नव्हते आणि कुणाचा नंबर बघायचा तर काका उठेपर्यंत थांबावं लागे. मी जाम वैतागायचो.

सुकलेली फुलं पाकिटातून मुंबईला जात, लेकीकडे. सुमा माहेरी होती तोवर काकू तिच्या केसांत सुरंगीचा वळेसार माळायच्या. गजरा काही पोस्टाने जाईना, म्हणून तिच्या लग्नानंतर काकांनी हा उद्योग काढला.

मग एका पावसाळ्यात काकू गेल्या. पुढच्या मोसमात सुरंगी नेहमीसारखी फुलली आणि काकांनी मला ओटीवर बोलावलं. सदरा त्यांच्या अंगावर लोंबत होता. चुलीवर काही शिजत असल्याचा वास नव्हता.

"बाबल, जरा हयसर बस रे. तुजा वजन बरा आसा."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"फूल जाडा ऱ्हवला तर सुमाक कळतला, बापूस जेवणा नाय."

मी निमूट पाटावर बसलो आणि बसल्या जागेवरूनच बायकोला हाक मारून ताट आणायला सांगितलं. बांगड्याचं तिखलं आणि भात आला. काका म्हणाले, भूक नाही, तू ऊठ आता, झालं तेवढं पुरे.

"तुमी आधी जेवा," मी म्हटलं. "माका उठूक येवचा नाय, खाली फुला आसत."

काकांनी ताट पुढे ओढलं. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला, तोवर माझे दोन्ही पाय बधिर झाले होते.