नाक्यावरची रांग

लिव्हिओचं कॉफीचं दुकान गोरिझियात, इटलीच्या अगदी टोकाला. दारापासून वीस पावलांवर स्लोव्हेनियाची हद्द. तीस वर्षं दुकान चाललं ते आपल्या कॉफीच्या चवीवर, असं तो समजे. बायको निवेसच्या मते रांगेवर. नाक्यावर कागद तपासून होईपर्यंत गाड्या खोळंबत. माणसं दुसरं करणार काय? मग दोन्हीकडचा बाजार एक झाला, नाक्यावरचा दांडा निघाला आणि गाड्या दुकानासमोरून भुर्रकन निघून जाऊ लागल्या.

एका शनिवारी सकाळी पाव घेऊन येताना लिव्हिओची म्हातारी व्हॅन बरोब्बर जुन्या नाक्यावर आडवी होऊन बंद पडली. दोन्ही बाजूंना गाड्या तुंबल्या. हॉर्न वाजले, शिव्या झाल्या, आणि मग माणसं उतरून सवयीने थेट दुकानात शिरली. एका आजींनी तर पासपोर्टच पुढे केला.

"ठेवा तो, आजी. साखर किती घालू?"

लिव्हिओचे हात कितीतरी दिवसांनी भराभर चालत होते.

"मेकॅनिकला फोन केलास?" निवेसने विचारलं.

"करतो गं. घाई काय आहे?"

"मीच केलाय. पलीकडच्या बोश्त्यानला. तो स्वस्तात करतो."

पलीकडचा म्हणजे दुपार होणार, म्हणून लिव्हिओ खूश झाला. पूर्वी नुसती हत्यारांची पेटी नाक्यावरून पार करायची तर अर्धा दिवस जाई.

बोश्त्यान सहा मिनिटांत हजर! त्याने एक वायर आवळली, व्हॅन खोकून सुरू झाली. अर्धे कप तसेच टाकून माणसं पळाली.

"एवढ्या लवकर तडमडलास कशाला?"

"काका, मधे अडवायला आता आहे कोण?"

लिव्हिओने त्याला कॉफी दिली. पहिल्या घोटाला बोश्त्यानचे डोळे मिटले.

"अशी कॉफी आमच्या बाजूला नाही हो. तुमचं अर्धं गोरिझिया गाडी दुरुस्तीला घेऊन माझ्या गॅरेजात बसतं, दोन-दोन तास. मी त्यांना नळाचं पाणी देतो."

"कोण कोण येतं?"

"डॉक्टर येतात, फादर येतात. तुमचे सख्खे भाऊ तर दर महिन्याला."

लिव्हिओ बराच वेळ फडक्याने तोच एक कप पुसत राहिला. रांग मेली असं तो इतके दिवस धरून चालला होता; ती तर नुसती पलीकडे सरकली होती.

पुढच्या महिन्यात बोश्त्यानच्या गॅरेजात मांडायला कॉफीचं मशीन व्हॅनमध्ये चढलं. जुन्या नाक्यापाशी येताच लिव्हिओने ब्रेक दाबला.

"आता काय झालं?" निवेस दचकली.

"काही नाही गं," तो रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाला. "काय घेऊन चाललास, एवढं तरी कुणी विचारायला हवं होतं."